घरगुती प्रोसेसर आणि सर्व्हर-वर्कस्टेशन प्रोसेसर

घरगुती प्रोसेसर म्हणजे आपल्या घरच्या, दुकानातल्या, ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधे असतो तो. इंटेलचे कोअर आय३, आय५, आय७, आय९ आणि एएमडीचे रायझन हे त्यातले. सर्व्हर आणि वर्कस्टेशनचे प्रोसेसर म्हणजे इंटेलचा झिऑन, एएमडीचा एपिक आणि थ्रेडरिपर प्रो. दोन्ही एकाच घराण्यातले, विंडोज असो की लिनक्स तेच प्रोग्रॅम दोन्हीवर चालतात, कधीकधी आतला कोअर (प्रोसेसरमधला प्रत्यक्ष हिशेब करणारा भाग, एका प्रोसेसरमधे असे अनेक असतात) पण एकाच डिझाइनचा असतो, म्हणजे डेस्कटॉपच्या रायझन ७००० आणि एपिक ९००४ या दोन्ही मालिकांत झेन ४ हाच कोअर आहे. पण दोघांची कामं वेगळी आहेत, आणि "सर्व्हरचा आहे म्हणजे घरच्यापेक्षा भारीच असणार" हे जे म्हापशापासून मडगावपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं ते चुकीचं आहे, त्या समजापायी लोकांचे पैसे जातात म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

गोव्यातल्या माणसाला हा फरक पायलट आणि फेरीबोटीवरून लगेच कळेल. पणजीच्या बसस्टँडवरून एकट्याला घाईत दोना पावलाला जायचं असेल तर मोटरसायकलवाला पायलट बरा. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट सावकाश जाते, पण एका खेपेत माणसं, स्कूटर, गाड्या सगळं पलीकडे नेते. आता बोटीत तुम्ही एकटेच चढलात म्हणून ती काही जास्त वेगात जात नाही. सर्व्हर प्रोसेसरचं अगदी हेच आहे, कामाचे शंभर तुकडे एकदम करता येत असतील तर त्याच्यासारखा तोच, पण एकच काम एकाच धाग्यात (थ्रेड, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या सूचनांची रांग) चालणारं असेल तर बाकीचे कोअर नुसते बसून राहतात.

झिऑन, ऑप्टेरॉन, एपिक

हे वेगळं घर १९९८ साली झालं, इंटेलने पेंटियम टू झिऑन काढला तेव्हा. तेव्हा मुख्य फरक होता कॅशचा, म्हणजे प्रोसेसरला लागूनच असलेल्या छोट्या झटपट मेमरीचा, साध्या पेंटियम टूमधे ५१२ केबी कॅश आणि तीही प्रोसेसरच्या अर्ध्या वेगाने चालणारी, झिऑनमधे २ एमबीपर्यंत आणि पूर्ण वेगाने चालणारी. २००३ च्या एप्रिलमधे एएमडीचा ऑप्टेरॉन हा सर्व्हर प्रोसेसर आला आणि त्याच्याबरोबर एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या या घराण्यात ६४ बिट आलं, घरगुती अॅथलॉन ६४ त्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमधे. म्हणजे आज ज्या ६४ बिटवर आपला प्रत्येक लॅपटॉप चालतो ती गोष्ट आधी सर्व्हरमधे आली आणि मग घरी. २०१७ मधे रायझन, एपिक आणि थ्रेडरिपर तिन्ही एकाच वर्षात आले आणि कोअरची चढाओढ तिथून खरी सुरू झाली.

कोअर आणि वेग

इंटेलचा कोअर आय९-१४९००के घ्या, २०२३ चा. २४ कोअर, त्यातले ८ मोठे आणि १६ छोटे, आणि वेग ६ गिगाहर्ट्झपर्यंत. दुसरीकडे एएमडीचा एपिक ९६५४, २०२२ चा, ९६ कोअर आणि १९२ धागे, पण बेस वेग २.४ आणि जास्तीत जास्त ३.७ गिगाहर्ट्झ. बाजारात आले तेव्हाची जाहीर किंमत पहिल्याची ५८९ डॉलर, दुसऱ्याची ११,८०५ डॉलर. आणि तरीही पानाची मांडणी, फोटोशॉप, टॅली, ब्राउझर, बहुतेक गेम या सगळ्यात हा ५८९ डॉलरवालाच पुढे राहतो, कारण तिथे एका कोअरचा वेग लागतो.

सर्व्हरवाल्याला वेग का देत नाहीत असा प्रश्न येतोच. एक म्हणजे उष्णता. एपिक ९६५४ ला ३६० वॅट दिलेत, ते ९६ कोअरमधे वाटले तर एकेकाच्या वाट्याला चार वॅटसुद्धा येत नाहीत, आय९ ला मात्र जास्तीत जास्त २५३ वॅटपर्यंत जाता येतं आणि त्यातला बराचसा वाटा एकदोन कोअरकडे वळवता येतो. दुसरं म्हणजे सर्व्हर रात्रंदिवस वर्षानुवर्षं पूर्ण लोडवर चालायचा असतो, थोडा वेळ जोरात धावून थांबायची त्याला मुभा नाही, म्हणून त्याला झेपेल अशाच चालीने चालवतात.

थ्रेडरिपर प्रो आणि झिऑन डब्ल्यू हे मधले. थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स मधे ९६ कोअर आहेत आणि वेग ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. वर्कस्टेशन म्हणतात ते हेच, एका माणसाच्या टेबलाखालचं पण काम मात्र भल्यामोठ्या थ्रीडी सीनचं नाहीतर इंजिनिअरिंग सिम्युलेशनचं.

मेमरी, आणि ईसीसी

कोअर मोजून लोक थांबतात पण माझ्या मते खरा फरक मेमरीत आहे. घरगुती प्रोसेसरला मेमरीचे दोन चॅनल, म्हणजे रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या दोन वाटा. डीडीआर५-५६०० रॅम दोन चॅनलवर लावली तर सेकंदाला जास्तीत जास्त ८९.६ जीबी डेटा येजा करू शकतो. एपिक ९६५४ ला बारा चॅनल, डीडीआर५-४८०० धरली तरी ४६०.८ जीबी. ही पाचपट वाट कुणाला लागते? दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्राचे प्रवाह, लाटा यांचा अभ्यास चालतो, वास्कोला ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्र आहे. समुद्राचं किंवा मान्सूनचं मॉडेल चालवायचं म्हणजे समुद्राचे लाखो चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनाचं तापमान, खारटपणा, वेग पुन्हा पुन्हा मोजत राहायचा. अशा कामात कोअर हिशेब करून मोकळा होतो आणि मेमरीतून पुढचे आकडे यायची वाट बघत बसतो, तिथे चॅनल जास्त असतील तर काम पळतं.

मग ईसीसी, म्हणजे मेमरीतली चूक पकडून दुरुस्त करायची सोय. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो, कधी चिप जुनी झाल्याने, कधी अंतराळातून येणाऱ्या कणांमुळे. ईसीसी रॅममधे दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट तपासणीसाठी ठेवलेले असतात, त्यामुळे एक बिट चुकला तर तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो आणि दोन चुकले तर निदान चूक झाल्याचं कळतं. हे फक्त पुस्तकातलं नाही. २००३ मधे बेल्जियममधल्या स्कारबीक इथे निवडणुकीच्या कॉम्प्युटरवर एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दिसली, ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एक बिट उलटला की बरोबर एवढाच फरक पडतो. ते लक्षात आलं कारण शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं दिसत होती. गूगलच्या सर्व्हरवर झालेला अभ्यास २००९ मधे प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी स्टिकमधे निदान एकदा तरी चूक झाल्याचं दिसलं. हॉस्पिटलची नोंद, बँकेचं खातं, जमिनीचा एक-चौदाचा उतारा असल्या गोष्टी जिथे साठवतात तिथे ईसीसी नसणं मला पटतच नाही.

इथे एक घोळ होतो. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या आत स्वतःची छोटी दुरुस्ती असते, ती वाचून दुकानदार "ईसीसी आहेच की" म्हणतात. ती दुरुस्ती चिपच्या आतपुरती, चिप ते प्रोसेसर या वाटेत झालेली चूक तिला कळत नाही. खऱ्या ईसीसीला वेगळी स्टिक लागते.

याशिवाय लेन, म्हणजे प्रोसेसरपासून कार्डं आणि एसएसडीपर्यंत जाणाऱ्या वाटा. आय९ ला पीसीआय एक्सप्रेसच्या २० लेन, ग्राफिक्स कार्डाला १६ आणि एका एसएसडीला ४ की संपल्या, बाकीचं सगळं चिपसेटच्या (बोर्डावरच्या मदतनीस चिपच्या) एका सामाईक वाटेवरून जातं. एपिकला १२८. चार ग्राफिक्स कार्डं किंवा वीस एसएसडी लावायच्या तर तिथेच जावं लागतं. आणि सर्व्हर बोर्डावर दोन प्रोसेसर बसवता येतात, घरगुतीत ती सोयच नाही.

जत्रेच्या नाटकाचा व्हिडिओ

आता आपल्याकडच्या कामाचं बोलू, कारण गोव्यात जास्त पॉवरचा कॉम्प्युटर मागणारा माणूस बहुतेक वेळा व्हिडिओवालाच असतो. फोंडा तालुक्यात जत्रेला देवळाच्या मांडवात रात्रभर मराठी नाटक होतं, त्याचं तीन-तीन कॅमेऱ्यांनी शूटिंग करतात, लग्नांचं तर विचारूच नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाने याच कामासाठी जुना चौदा कोअरचा झिऑन ई५-२६८० व्ही४ असलेला सेट घेतला, दुकानदाराने सांगितलं आय५ ला फक्त सहा कोअर असतात हा चौदाचा आहे. घरी आणून टाइमलाइनवर फुटेज टाकलं तर दर दोन सेकंदाला अडकतंय. मी त्याच्या शेजारी बसून ते बघितलंय आणि वाईट वाटलं, कारण त्या मुलाने सीझनभर रात्री जागून ते पैसे जमवले होते.

कारण असं आहे की हल्लीचे कॅमेरे एच२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मधे १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) रेकॉर्ड करतात, ते उलगडायला फार कष्ट पडतात. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधे अकराव्या पिढीपासून आत जे ग्राफिक्स असतं त्यात क्विक सिंक नावाचा भाग हे काम हार्डवेअरमधे करून टाकतो. झिऑन ई५ मधे आत ग्राफिक्सच नाही, मग सगळा भार कोअरवर. एनव्हिडियाची कार्डं हे ४:२:२ हार्डवेअरमधे उलगडायला लागली ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून, त्याआधीचं कार्ड लावून हा प्रश्न सुटत नाही. कोअर आय५-१२४०० हा २०२२ चा सहा कोअरचा साधा प्रोसेसर ते फुटेज सरळ चालवतो, एका कोअरच्या वेगात तो या २०१६ च्या झिऑनच्या बराच पुढे आहे, आणि सगळे कोअर लावले तरी चौदावाल्याच्या मागे राहत नाही. फक्त नावाच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका, त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं.

जुना झिऑन कधी घ्यावा

जुना झिऑन वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याला लागणारी जुनी रजिस्टर्ड ईसीसी रॅम (सर्व्हरसाठीची वेगळ्या प्रकारची रॅम) स्वस्तात मिळते आणि १२८ जीबी सहज भरता येते, लिनक्स टाकून एकावर दहा व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले कॉम्प्युटर) चालवायची, इंजिनिअरिंगच्या मुलांनी नेटवर्किंग शिकायचं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे रात्रभर रेंडर लावून झोपायचं, या कामांना तो खरंच चांगला आहे. पण ती रजिस्टर्ड रॅम उद्या घरगुती बोर्डात चालत नाही हे आधी माहीत असू द्या. विंडोज ११ ला ई५ व्ही४ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दोन प्रोसेसरचा बोर्ड घेतलात तर विंडोज होम दुसऱ्याला हातच लावत नाही, त्याला प्रो लागतं.

विजेचंही बघा. मशीन रात्रंदिवस चालू ठेवणार असाल आणि ते १०० वॅट जास्त खात असेल तर महिन्याला ७२ युनिट वाढतात. वरून किनाऱ्याजवळ घर असेल तर खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा, बोर्डाच्या संपर्कबिंदूंवर गंज चढतो, दहा वर्षं जुन्या बोर्डावर तर आधीच चढलेला असू शकतो, तेव्हा घेताना सॉकेट आणि रॅमच्या खाचा टॉर्च मारून बघाव्यात. पावसाळ्यात लाइट जाते, यूपीएस हवाच. ईसीसी मेमरीतला बिट सांभाळते, लाइट गेल्यावर न लिहिलेली फाइल नाही.

ज्याला ईसीसी हवं पण झिऑन-एपिकएवढा खर्च नको, म्हणजे छोट्या डॉक्टरचं क्लिनिक किंवा सीएचं ऑफिस, त्याच्यासाठी मधला मार्ग आहे. रायझन ७००० मधे ईसीसी चालतं पण बोर्डाने ते द्यायला हवं. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या निवडक प्रोसेसरना चालतं पण बोर्ड डब्ल्यू६८० सारख्या चिपसेटचा लागतो. स्टिक घेताना ईसीसी यूडिम (साध्या बोर्डाची स्टिक) मागायची, आरडिम (वर सांगितलेली रजिस्टर्ड) नाही, डीडीआर५ मधे दोघांची खाच वेगळ्या जागी असते त्यामुळे चुकीची बसणारच नाही. आणि बसवल्यावर लिनक्समधे एडॅकचा (मेमरीतल्या चुका नोंदवणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर लोड झालाय का ते बघायचं, तो नसेल तर ईसीसी स्टिक लावूनही दुरुस्ती चालू आहे की नाही हे कळणं कठीण जातं.