डायपरमधलं मीठ आणि लंगोटाची दोरी

नवा डायपर कात्रीने उसवला की आतल्या लगद्यातून साखरेसारखे पांढरे कण गळतात. ते वाटीत घेऊन थोडं पाणी ओता. जरा वेळाने वाटी उपडी केली तरी थेंब पडणार नाही. हे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पाणी मिळालं की त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्यांवरचे सोडियम आयन सुटे होतात, उरलेले ऋण भार एकमेकांना ढकलतात आणि सगळं जाळं फुगतं. शुद्ध पाणी ते आपल्या वजनाच्या शेकडो पट पितं. आता त्या गोळ्यावर चमचाभर मीठ टाका, पाणी सुटायला लागेल. लघवीही खारटच, त्यामुळे डायपरमध्ये ही भूक पुष्कळच मंदावते. तरी बाळ वर बसलं म्हणून जेल पिळून निघत नाही. सुती लंगोटात पाणी धाग्यांच्या फटींत असतं, ते लगेच अंगाला लागतं आणि बाळ भोकाड पसरतं.

डायपरमधलं बाळ मात्र झोपून राहतं, आणि गफलत इथेच होते. शीमधले जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. त्याने त्वचेचा सामू (pH) वाढतो, म्हणजे तिचा आम्लपणा घटतो, मग शीमधली प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं (एन्झाइम) जोर धरतात आणि कोवळ्या कातडीवरच चालून जातात. म्हणून लघवीला थोडी सवलत चालेल, शी झाली की डायपर तत्काळ बदलायचा. लाल चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या उमटल्या तर ती बहुधा कँडिडा बुरशी असते. पावडर फासत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

पर्यावरणाचा हिशेब ब्रिटनने मांडलाय. २००८च्या अभ्यासात एका बाळाच्या अडीच वर्षांच्या डायपर-लंगोटांचं कार्बन उत्सर्जन जवळपास बरोबरीचं निघालं : डिस्पोजेबल ५५० किलो, कापडी ५७०. पण मशीन पूर्ण भरून धुणं, बाहेर दोरीवर वाळत घालणं आणि तेच लंगोट धाकट्याला वापरणं, एवढ्याने कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी उतरत होता. ड्रायर लावला की उलट चढायचा. २०२३च्या नव्या हिशेबात कापडी ३४५, डिस्पोजेबल ४५७.

दोरी आपल्याकडे घरोघरी आहेच. अडतं ते पावसाळ्यात, दमट लंगोट बांधण्यापेक्षा तेव्हा डायपर बरा. आमच्याकडे दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर असंच चाललं. सासूबाईंना ते पटलं नाही, ते सोडा.

वापरलेल्या डायपरमधली शी आधी संडासात टाकावी, मग तो कागदात घट्ट गुंडाळून वर ठळक लाल ठिपका काढावा. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने ही खूण रुजवायला घेतली, कारण ते पुडकं पुढे कुणाला तरी हातानेच वेगळं काढावं लागतं.