दगड झालेलं हाडही कुजतं

जीवाश्म म्हणजे दगड आणि दगडाला काय होणार, हा समज संग्रहालयाच्या कोठारात फार टिकत नाही. प्राणवायू नसलेल्या सागरी चिखलात पुरलेल्या हाडांत, अमोनाइटांत (नामशेष झालेल्या शंखधारी समुद्री जीवांत) बहुतेकदा पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड, साचलेलं असतं. हवा आणि ओलावा मिळाला की त्याचं गंधकाम्ल आणि फेरस सल्फेट (आपला हिराकस) होतं. पाणी धरलेला हिराकस मूळ पायराइटच्या साधारण सहापट जागा व्यापतो. हाड आतून फाटतं आणि आम्ल उरलेलं खातं. मोठे चकाकते स्फटिक त्या मानाने टिकतात. घात करतात ते सूक्ष्म कणांचे गोळे, कारण त्यांचा हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड.

एके काळी हा जिवाणूंचा उद्योग समजून नमुन्यांना जंतुनाशक लावत. कोठारातल्या हवेत ते जिवाणू तग धरत नाहीत. खरं कारण ओलावा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की प्रक्रिया वेग घेते.

खण उघडताच गंधकाचा वास, पांढरट-पिवळी भुकटी, नव्या भेगा आणि तपकिरी, ठिसूळ झालेलं लेबल, ही लक्षणं. क्युरेटरने आधी वाचवायचं ते लेबल. मजकूर उतरवून, फोटो काढून ते वेगळ्या पाकिटात ठेवायचं. कुठल्या ठिकाणच्या, कुठल्या थरातलं हे न कळणारं हाड संशोधनाला जवळपास निरुपयोगी.

भुकटी कोरड्या ब्रशने झाडायची, पाण्याने कधीच धुवायची नाही. मग आतलं आम्ल निष्प्रभ करायचं. एक मार्ग अमोनियाच्या वाफेचा, बंद पेटीत. दुसरा इथेनॉलअमाइन थायोग्लायकोलेटचा: २ ते ५ टक्के द्रावण अल्कोहोलमध्ये. ते लोहाचे क्षार ओढून जांभळं होतं, म्हणून काम कुठे चाललंय ते दिसतं. मात्र जुन्या नमुन्यांवर लाखेचा लेप असतो आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सांधे सुटून तुकडे हातात येतात. तिथे वाफच बरी. आम्ल निष्प्रभ न करता वरून पॅरालॉइडचा (एका कृत्रिम राळेचा) लेप देणं तर आत्मघातच: लेप ओलावा पुरता अडवत नाही आणि आतल्या फुगवट्याने पापुद्र्यासह निघून येतो.

पुढचा प्रश्न साठवणुकीचा. पायराइटवाल्या नमुन्यांना ३० टक्क्यांखालची आर्द्रता मानवते, पण अर्धवट अश्मीभूत हाडं आणि हस्तिदंत इतक्या कोरड्या हवेत तडकतात. सगळ्यांना एकच कपाट चालत नाही. म्हणून रोगट नमुना प्राणवायू-शोषकासह विशेष फिल्मच्या पिशवीत उष्णतेने सीलबंद करतात. साधं पॉलिथिन नको, त्यातून हवा झिरपते. टोकदार हाडांखाली फोम हवा, नाहीतर पिशवीला छिद्र पडतं. आत प्राणवायू शिरला की रंग बदलणारी निर्देशक गोळी ठेवतात. गुलाबीची निळी झाली की शोषक बदलून पिशवी पुन्हा सील करायची.

इंग्लंडमधल्या लंडन क्ले या चिकणमातीच्या थरातल्या पायराइट झालेल्या फळांना, बियांना मात्र सिलिकॉन तेलात बुडवून ठेवतात. हवा अडते, पण अभ्यासाला घेताना प्रत्येक बी आधी तेलातून काढून स्वच्छ करावी लागते.