गुरांसाठी बांधलेलं रॅलेचं डॉर्टन अरेना

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेच्या आसपास आज आपली आयटीवाली मराठी मंडळी बरीच आहेत, पण 1950 साली ते जेमतेम 65 हजार वस्तीचं शहर होतं, राज्याची राजधानी असलं तरी. तिथे दर ऑक्टोबरला स्टेट फेअर म्हणजे राज्याची मोठी जत्रा भरते, आणि शेतकऱ्यांच्या गायी-बैलांची स्पर्धा घेऊन नंबर काढायला एक छत असलेली मोठी जागा पाहिजे होती. डॉर्टन अरेना आलं ते त्यातून. कॉन्सर्ट, बास्केटबॉल, आइस हॉकी हे सगळं नंतरचं, लोक तर त्याला सरळ ‘काऊ पॅलेस’च म्हणायचे.

डिझाइन मात्सेय नोवित्स्कीचं, अमेरिकेत त्याला मॅथ्यू म्हणायचे. हा पोलंडचा आर्किटेक्ट, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या वॉर्सॉच्या आराखड्यावर काम केलेला, मग न्यूयॉर्कला युनोच्या इमारतीच्या कामात होता आणि 1948 मध्ये रॅलेच्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकवायला आला. त्याची कल्पना अशी की काँक्रीटच्या दोन प्रचंड कमानी एकमेकींकडे तोंड करून बाहेरच्या बाजूला आडव्या कलवायच्या, दोन्ही टोकांना त्या एकमेकींना छेदतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत खाटेची बाज विणतात तशा उभ्या-आडव्या पोलादी तारा ताणायच्या. कमानींना बाहेर पडायचंय आणि तारा त्यांना आत ओढतात, त्या ओढाताणीवरच छत उभं आहे, त्यामुळे आत एकही खांब नाही! बाजूच्या काचेच्या भिंतीत जे बारीक खांब दिसतात ते फक्त कमानींचं वजन पेलतात. छत इतकं हलकं की वाऱ्यात फडफडायची भीती, म्हणून आतून तारा बांधून त्यांना स्प्रिंग लावले.

आता गंमत बघा, मधे खांब नकोत हे ठरलं ते रिंगणातलं जनावर सगळ्यांना नीट दिसावं म्हणून, पण त्याच कारणामुळे तो हॉल पुढे कशालाही चालला. माझ्या मते मल्टीपर्पज म्हणून मुद्दाम बांधलेले कितीतरी हॉल यापेक्षा कमी मल्टीपर्पज असतात.

नोवित्स्कीला मात्र यातलं काहीच बघायला मिळालं नाही आणि इथे गोष्ट आपल्याकडे येते. चंदीगडचा पहिला आराखडा अमेरिकेच्या अल्बर्ट मेयरच्या टीमकडे होता आणि नोवित्स्की त्यातला मुख्य आर्किटेक्ट. तिथलं काम करून परत जाताना तो टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीच्या मुंबई-कैरो-रोम-न्यूयॉर्क विमानात होता, ते 31 ऑगस्ट 1950 ला कैरोहून निघाल्यावर वाळवंटात कोसळलं, 55 च्या 55 जण गेले, इजिप्तची सिनेनटी कॅमेलिया पण त्यातच होती. तो गेल्यावर आणि वर डॉलरमधली फी पण जड जात होती म्हणून थापर आणि वर्मा हे पंजाबचे अधिकारी युरोपात दुसरा आर्किटेक्ट शोधायला गेले आणि ल कॉर्बुझिएला घेऊन आले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते विमान पडलं नसतं तर चंदीगड कसं दिसलं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

रॅलेचं काम विल्यम डीट्रिक या आर्किटेक्टच्या ऑफिसने पुरं केलं, इंजिनियर फ्रेड सेव्हरुड, तोच ज्याने पुढे सेंट लुइसच्या गेटवे आर्च या प्रचंड कमानीचं स्ट्रक्चर केलं. 1952 ला उद्घाटन झालं. त्याआधीच फ्राय ओटो नावाच्या जर्मन पोराने सेव्हरुडच्या ऑफिसात याची ड्रॉइंग बघितली होती, त्यातून त्याने टांगत्या छतांवर पीएचडी केली आणि म्युनिकच्या 1972 ऑलिम्पिकची तंबूसारखी छतं त्या वाटेने आली.

डॉर्टन हे नाव 1961 चं, जे. एस. डॉर्टन 1937 पासून जत्रेचे मॅनेजर होते, ते वारल्यावर दिलं. मग एबीए या बास्केटबॉल लीगमधली कॅरोलिना कूगर्स टीम इथे काही मॅच खेळली, 1991 ते 98 आइसकॅप्सची हॉकी टीम होती, रोलर डर्बी म्हणजे चाकांच्या स्केट्सवरचा खेळ, तो पण झाला. मधे 1973 ला ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नाव लागलं.

पण बसायला पाचेक हजार जागा, भिंती काचेच्या, आवाज घुमतो. 1999 मध्ये जवळच भलंमोठं अरेना झालं, आता त्याला लेनोवो सेंटर म्हणतात, एनएचएल या मोठ्या आइस हॉकी लीगमधली हरिकेन्स टीम तिकडे आली आणि मोठे स्टार पण तिकडेच. डॉर्टनकडे राहिली प्रदर्शनं, छोटे कार्यक्रम आणि अर्थात ऑक्टोबरची जत्रा.