मोझार्ट ऐकवून बाळ हुशार होत नाही

"बाळाला मोझार्ट ऐकवा, मेंदू तल्लख होतो" हे फॉरवर्ड परत फिरतंय (मोझार्ट म्हणजे युरोपातला जुना शास्त्रीय संगीतकार) म्हणून सांगते, मूळ प्रयोग १९९३ चा, अमेरिकेतला, आणि त्यात एकही बाळ नव्हतं, होते ३६ कॉलेजचे विद्यार्थी! दहा मिनिटं ऐकल्यावर घडी घातलेला कागद मनात उलगडायच्या कोड्यांत त्यांना जरा जास्त मार्क पडले, तोही परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला सरकारी पैसे मागितले.

खरं काम कशाने होतं? २००३ मध्ये अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन (चिनी भाषा) ऐकवली, समोर बसून कोणी खेळत-बोलत ऐकवली तेव्हा बाळं ते आवाज ओळखायला शिकली, तेच व्हिडिओ किंवा नुसत्या ऑडिओवरून काहीच नाही. म्हणून गाणी आवडत असतील तर लावा की, पण हुशारीसाठी महागडे सेट घेऊ नका प्लीज. बाळ "अग्गू" म्हणालं की त्याच्या डोळ्यात बघून "हो का? अजून सांग" म्हणा आणि थांबा, त्याला वेळ लागतो, ते परत काहीतरी बोलेल.