दर वाढला, दिवस किती भरले?

१९८८ साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) कामांवरचा मजुरीचा दर जवळजवळ दुप्पट झाला. शेतमजुरांचे किमान वेतन वाढले होते आणि रोहयोची मजुरी त्याला बांधलेली होती, त्यामुळे ती वाढणे भागच होते. पाझर तलावाच्या भरावावर माती टाकणाऱ्या, रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्या बाईला तेवढ्याच कामाचे दुप्पट पैसे मिळणार होते. तिच्या घरात धान्यही दुप्पट आले का?

किमान वेतनाच्या सगळ्या वादात मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. बोलणे नेहमी दराचे होते. घर मात्र चालते दर गुणिले भरलेले दिवस या हिशोबावर, आणि किराणा किती महागला हे त्यातून वजा करावे लागते.

पाठ्यपुस्तकातले उत्तर सरळ होते. वस्तू महाग झाली की गिऱ्हाईक कमी घेते, तशी मजुरी महाग झाली की मालक माणसे कमी लावतो. हे अनेक दशके जवळजवळ गृहीत धरले गेले. मग १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ डॉलरच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना यात आयता प्रयोग दिसला. हवामान तेच, मंदी तीच, सीमेच्या दोन्ही बाजूंना बर्गर विकणारी दुकाने तीच. फरक फक्त कायद्याचा. त्यांनी ४१० दुकानांची वाढीच्या आधी आणि नंतर पाहणी केली. न्यू जर्सीतल्या नोकऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत घटल्या नव्हत्या. खाण्याचे भाव मात्र सुमारे ४ टक्क्यांनी जास्त वाढले होते. १९९४ साली हा निबंध आला आणि भांडण पेटले. पगारपत्रकांच्या आधारे इतरांनी उलट निष्कर्ष काढले, त्यावर या दोघांनी सरकारी नोंदी घेऊन पुन्हा उत्तर दिले. कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. क्रूगर तोवर हयात नव्हते.

मजुरी वाढूनही माणसे कमी का झाली नाहीत? याचे एक उत्तर आपल्या गावगाड्यात सहज समजते. समजा, पंचक्रोशीत एकच वीटभट्टी आहे. दहा मजूर ३०० रुपये रोजावर येतात. अकरावा ३३० शिवाय यायला तयार नाही. त्याला ३३० दिले तर उरलेले दहाही तेवढेच मागणार. म्हणजे अकरावा माणूस भट्टीमालकाला ३३० ला नाही, ६३० ला पडतो: त्याचे ३३०, शिवाय दहा जणांचे प्रत्येकी ३० जास्त. तो दहावरच थांबतो. आता कायद्याने सगळ्यांना ३३० ठरवून दिले, तर अकरावा खरोखर ३३० लाच पडतो आणि त्याला कामावर घेणे परवडू शकते. मालक मोजके असतात, दुसरे काम लांब असते, एसटीचे भाडे अंगावर पडते, तिथे मजुरी आधीच दाबलेली असते. तेवढ्या मर्यादेत ती वर उचलली तर काम जात नाही.

पण ही मर्यादा कुठे संपते, ते जागेवर ठरते. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१५ आणि २०१६ मध्ये तासाचे किमान वेतन दोन टप्प्यांत १३ डॉलरपर्यंत नेले. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाला असे दिसले की कमी पगाराच्या कामांचा ताशी दर जेवढा वाढला, त्यापेक्षा जास्त प्रमाणात कामाचे तास घटले. त्यांच्या आकडेवारीत अनेक शाखांच्या कंपन्या नव्हत्या, ही त्या अभ्यासातली मोठी उणीव. तरी त्याच गटाचे नंतरचे निरीक्षण मला विसरता येत नाही: आधीपासून कामावर असलेल्यांची कमाई वाढली, पण नव्याने काम शोधणाऱ्यांसाठी दार किलकिलेच राहिले.

पैसे येतात कुठून, हेही पाहायला हवे. हंगेरीने २००१ च्या सुमारास किमान वेतन झपाट्याने वाढवले. तिथल्या अभ्यासानुसार वाढीव खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग भाववाढीतून गिऱ्हाइकांनी उचलला आणि चतुर्थांश मालकांच्या नफ्यातून गेला. हे गिऱ्हाईक हॉटेलात जेवणारे असेल तर गरिबाला फारसा चटका बसत नाही. रोजच्या पिठामिठाचे असेल तर बसतो.

गोळाबेरीज मात्र, अमेरिकेपुरती तरी, मजुराच्या बाजूची आहे. अर्थशास्त्रज्ञ अरिंद्रजित दुबे यांच्या २०१९ च्या अभ्यासात किमान वेतन १० टक्क्यांनी वाढले की कालांतराने गरिबीचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्क्यांनी कमी होते, असे दिसते. वाढलेल्या कमाईमुळे सरकारी मदत थोडी कापली जाते, तरीही हात वरच राहतो.

आता पुन्हा १९८८ कडे. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली त्या दरवाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मागेल त्याला काम' हीच हमी दरवाढीनंतर पातळ झाली, असे त्यांना आढळले. दर चांगला, म्हणून कामावर यायला जास्त हात तयार. पण त्या प्रमाणात कामे निघाली नाहीत. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झालेली ही योजना. तिची खरी ताकद दरापेक्षा खात्रीत होती. उद्या काम मिळेलच, ही खात्री असलेली बाई शेतमालकालाही सांगू शकते, 'एवढ्यात येणार नाही, रोहयोवर जाईन.' देशभर मनरेगा आल्यावर हे मोजलेही गेले. ती जिथे आधी सुरू झाली, तिथे कोरड्या हंगामात खासगी रोजंदारी सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१५ च्या एका अभ्यासात दिसते. म्हणून दर वाढवू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. दर वाढवताना कामासाठी पैसेही वाढवायला हवे होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कमावणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक स्वयंरोजगारात आहेत. भाजीच्या गाडीवाल्याला किमान वेतन देणार कोण? जे मजुरीवर आहेत, त्यांच्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये देशभराचा तळाचा दर दिवसाला १७६ रुपये ठरवला. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीने आहार, कपडे, घर यांचा हिशोब मांडून ३७५ रुपये सुचवले. आकडा त्यानंतरही वर्षानुवर्षे १७६ वरच राहिला आणि महागाईने तो आतून पोखरला. महाराष्ट्रात स्थिती बरी आहे. इथे किमान वेतनावरचा विशेष भत्ता महागाई निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा बदलतो. पण तो मिळाला की नाही, हे पाहायला हातात पगाराची चिठ्ठी लागते. सकाळी मजूर नाक्यावर डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला ती कुणी देत नाही, आणि महिन्यातले किती दिवस तो तसाच घरी परतला, याची नोंदही कुठल्या मस्टरवर होत नाही.