धुपाटण्यावरचा राजा : इजिप्त आणि नुबिया यांच्या पहिल्या राज्यांची पार्श्वभूमी

इजिप्तच्या राज्याची कथा बहुधा नारमेर राजापासून, म्हणजे इ.स.पू. ३१००च्या आसपास सुरू केली जाते. मात्र त्याच काळात आस्वानच्या दक्षिणेला, नाईलच्या पहिल्या प्रपातापलीकडे (प्रपात म्हणजे नदीपात्रातील खडकाळ, खळाळता टप्पा), नुबियात, आणखी एक समाज राजसत्तेच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि त्याला वगळून इजिप्तची कथाही पुरी होत नाही.

या समाजाने स्वतःला काय म्हणवून घेतले, ते कोणत्याही लेखात उरलेले नाही. आस्वानच्या जुन्या धरणाची उंची वाढवायचे ठरले, तेव्हा १९०७-०८ मध्ये बुडीत क्षेत्राची पाहणी करताना अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइझनर यांनी त्याला नुसते ‘ए-ग्रुप’ असे अक्षर दिले आणि तेच रूढ झाले. पुढे मोठ्या धरणाच्या वेळी युनेस्कोच्या हाकेला ओ देऊन अनेक देशांची पथके नुबियात उतरली. त्यांत बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखालील भारतीय पथकही होते, आणि १९६२ साली त्याने आफ्येह येथे याच लोकांची वस्ती खणून काढली. आपल्याकडे ही गोष्ट फारशी आठवली जात नाही.

राजपद आधी कोठे उदयाला आले, हा मुख्य वाद मात्र नुबियातील कुस्तुल येथे निघाला. १९६४ मध्ये शिकागो विद्यापीठाचे कीथ सील यांनी तेथील ‘एल’ दफनभूमी खणली. थडगी लुटलेली होती, तरी त्यांचा आकार आणि उरलेल्या वस्तू सामान्य माणसाच्या नव्हत्या. त्यांपैकी एका थडग्यात दोन्ही तळहातांत मावेल एवढे दगडी धुपाटणे मिळाले. त्याच्या कडेवर तीन नावा एका महालाच्या दर्शनी भिंतीकडे निघाल्या आहेत. एकीत बांधलेला कैदी गुडघे टेकून आहे, तर दुसरीत राजा बसलेला आहे. नेमका राजाचाच भाग फुटलेला असल्याने त्याच्या डोक्यावर उंच पांढरा मुकुट होता, हे उरलेल्या रेषांवरून ताडावे लागते. मराठी म्हणीत सारे गेल्यावर हाती धुपाटणे येते. येथे ते हाती आले म्हणून राज्याचा माग लागला.

मुकुट, महाल, नाव आणि कैदी ही सारी पुढे फेरोंची, म्हणजे इजिप्तच्या राजांची, चिन्हे ठरली. म्हणून संशोधक ब्रूस विल्यम्स यांनी १९८०च्या सुमारास राजपदाची कल्पना नुबियातून उत्तरेकडे गेली असावी, असे मांडले. या तर्काला मोठा धक्का बसला तो १९८८ मध्ये, जेव्हा ग्युंटर ड्रायर यांच्या पथकाला इजिप्तमधील अबायडॉस येथे सुमारे इ.स.पू. ३२००मधील, बारा दालनांचे ‘यू-जे’ थडगे मिळाले. त्यात शेकडो आयात घाटाचे मद्यकुंभ आणि चित्राक्षरे कोरलेल्या हाडांच्या व हस्तिदंताच्या चिमुकल्या चिठ्ठ्या होत्या. कुस्तुलच्या राजेशाही थडग्यांहून ते जुने ठरते. तरीही अग्रक्रम कोणाचा, एवढ्यावरच हा वाद अडकून राहिला, ही त्याची उणीव वाटते. दोन्हीकडचे सत्ताधारी एकच चिन्हभाषा वापरत होते, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

ही जवळीक व्यापारातून आली होती. प्रपाताच्या खडकांमुळे नावा सरळ पुढे जात नसत, त्यामुळे दक्षिणेकडचे हस्तिदंत, आबनूस आणि कातडी उत्तरेला पोचवणारा मध्यस्थ, म्हणजे ए-ग्रुप, प्रबळ होई. त्याच्या थडग्यांत अंड्याच्या कवचाइतक्या पातळ स्थानिक भांड्यांशेजारी इजिप्तचे मोठे रांजण आणि तांब्याची हत्यारे सापडतात.

मध्यस्थाची ही मिळकतच बहुधा त्याच्या मुळावर आली. उत्तरेकडे एकसंध राज्य उभे राहिल्यावर त्याला तोच माल वाटेकऱ्याशिवाय हवा होता. पहिल्या राजवंशातील आहा राजाच्या एका चिठ्ठीवर ‘ता-सेती’ या धनुष्यांच्या देशावरील विजय नोंदलेला आहे. आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर तटबंदी उठली. दुसऱ्या प्रपाताजवळ गेबेल शेख सुलेमानच्या खडकावर नावेला जखडलेला कैदी कोरला गेला. इ.स.पू. २९००च्या सुमारास ए-ग्रुपची थडगी जवळजवळ नाहीशी होतात. त्यानंतर कित्येक शतके खालच्या, म्हणजे उत्तरेकडच्या, नुबियात स्थानिक वस्तीच्या खुणा अगदी तुरळक दिसतात, आणि दुसऱ्या प्रपाताजवळच्या बुहेन येथे इजिप्शियन कारागीर तांबे गाळताना आढळतात.