सातारा आर्क्टिक समुद्रात

साताऱ्याचे अक्षांश साधारण १७.७ उत्तर, रेखांश ७४ पूर्व. संगणकावरच्या नकाशात हे दोन आकडे उलटे भरले, तर सातारा थेट नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतो. विज्ञानशिक्षकांना डिजिटल नकाशे शिकवायचे, तर ही चूक त्यांना मुद्दाम करू द्यावी. आपलं गाव बर्फाळ पाण्यात पाहिल्यावर कोणता आकडा आधी, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसरं म्हणजे, प्रशिक्षण बटणांपासून सुरू करू नये. प्रश्नापासून करावं. उदाहरणार्थ, भूकंप कुठे होतात?

अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, जगभरच्या भूकंपांची यादी मोफत देते. प्रत्येक ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि महत्ता, म्हणजे भूकंप किती मोठा तो आकडा. ही फाइल क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. तेही मोफत आहे आणि एकदा संगणकात घेतलं की फाइलवरचं काम इंटरनेटशिवाय चालतं. आपल्या शाळांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. एक ओळ, एक ठिपका. वर्षभराचे ४.५ पेक्षा मोठे भूकंप टाकले, की प्रशांत महासागराभोवती ठिपक्यांची माळ उमटते आणि अटलांटिकच्या मधोमध बारीक रेघ. पुस्तकात भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांच्या, सीमा आधीच आखलेल्या असतात. इथे त्या मुलांसमोर आपोआप तयार होतात. आता ठिपक्यांना खोलीनुसार रंग द्या. जपानच्या पूर्वेला उथळ भूकंप, पश्चिमेकडे जावं तसतसे अधिकाधिक खोल. एक भूपट्ट दुसऱ्याखाली तिरका घुसतोय, तो उतारच रंगांत दिसतो.

मग कालावधी १९६० पासूनचा घेऊन महाराष्ट्राकडे यावं. भूपट्टांच्या सीमांपासून इतक्या दूर, तरीही ठिपके आहेत. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा, आणि त्याच्याभोवती नंतरच्या अनेकांचा पुंजका. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ चा, ६.२ महत्तेचा. सुमारे दहा हजार माणसं त्या पहाटे गेली. हा ठिपका दाखवताना शिक्षकांनी क्षणभर थांबावं, घाई करू नये.

याच नकाशावर धरणांच्या जागांचा थर चढवला, की कोयनेचा पुंजका कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापाशी दिसतो. वर्गातून लगेच उत्तर येईल, ‘धरणामुळे भूकंप!’ शिक्षकांची खरी तयारी इथे लागते. दोन थर जुळले म्हणजे कारण सापडलं असं नाही. किल्लारीजवळही तेरणा नदीवर जलाशय होता. त्याचा भूकंपाशी संबंध होता का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाले. कोयनेची बाजू भक्कम आहे ती वेळेमुळे. जलाशय भरू लागल्यावर धक्के वाढले, आणि पुढेही पाण्याच्या चढउताराशी त्यांचा संबंध दिसत राहिला. म्हणून नकाशा तसाच उघडा ठेवून फाइलमधला वेळेचा स्तंभ मुलांसमोर आणावा, आणि शेजारी जलाशयाच्या पातळीचे आकडे मांडावेत.